एबरविनची आत्या

अमिरातीतल्या फुजैरात मराठी कुटुंबं एका मिनीबसमध्ये मावतील एवढीच होती, पण त्या मिनीबसमध्ये दर वर्षी एखाद्या पाळण्याची भर पडायची. पाळणा आला की बारसं आलं आणि बारसं आलं की आत्या हवी. तिनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे, ही आपली रीत. पण सख्खी आत्या असायची चिपळूणला नाहीतर डोंबिवलीला. तिला आणायचं म्हणजे व्हिसा, तिकीट, शिवाय तिच्या मिस्टरांचा रुसवा. "दोन हजार दिरम! म्हणजे वीस हजार रुपये! एवढ्यात तिकडे मुंज उरकेल," असं म्हणून बाळाचा बाप फोन खाली ठेवायचा आणि टिपणिसांच्या दाराची बेल वाजवायचा.

दार सुनेत्राबाई टिपणीस उघडायच्या. बेल वाजवणाऱ्याचा चेहरा बघूनच त्या विचारायच्या, "मुलगा की मुलगी?"

सुनेत्राबाई मूळच्या ठाण्याच्या. नवरा शैलेंद्र बंदराजवळच्या तेलाच्या टाक्यांच्या कंपनीत हिशेब बघायचा. मुलगी ईश्वरी नववीत होती आणि मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. आत्यापण काही त्यांनी मागून घेतलं नव्हतं. नव्वदच्या आसपास कुणाच्या तरी बारशाला खरी आत्या मुंबईच्या विमानतळावरच अडकली. मुहूर्त टळायला आला. "अहो, कुणीतरी वाका!" असा पुकारा झाला. सुनेत्राबाई पाळण्याच्या सर्वांत जवळ उभ्या होत्या, एवढीच त्यांची पात्रता. त्या वाकल्या त्या वाकल्याच. सत्त्याण्णव उजाडेपर्यंत फुजैरापासून खोर फक्कानपर्यंत जेवढी म्हणून मराठी पोरं सायकली चालवत होती, ती सगळी त्यांना "हाय आत्या" म्हणायची. पोरांचे आईबाप मात्र काकू म्हणायचे. बापाची काकू ती मुलाची आत्या कशी, हे कोडं सोडवायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

काम अंगावर पडलंच आहे म्हटल्यावर सुनेत्राबाईंनी ते पुरतं शिकून घेतलं. बाळाच्या आधी पाळण्यात घालायला वरवंटा लागतो, तो त्यांनी ठाण्याहून आणला. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं तो दोन्ही हातांनी उचलून विचारलं, हे काय? बाईंनी खरं ते सांगितलं. याला झबलं घालतात, टोपी घालतात, झोका देतात, मग बाळाची पाळी. अधिकाऱ्यानं एकदा वरवंट्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि वरवंटा अलगद बॅगेत निजवून तो म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे निघा, निघा.

बुक्क्यांवरही त्यांनी तोड काढली होती. बारशाला जाताना पदराखाली, पाठीवर, टर्किश टॉवेलची जाड घडी. ही घडी मुख्यतः शेजारच्या मैमुनाबींसाठी. मैमुनाबी दापोलीकडच्या, सत्तरीच्या. मुलगा रफिक खाली किराणा दुकान चालवायचा. कुठल्याही बारशाला त्या सगळ्यांच्या आधी हजर, आणि जन्मभर तांदळाच्या भाकऱ्या थापलेला त्यांचा हात एकदा पाठीत बसला की बाळाचं सोडा, आत्याला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागायचा.

पण सुनेत्राबाईंचा खरा बाणा निराळाच. बाकीच्या आत्या कानात नाव सांगतात. सुनेत्राबाई नाव आणि त्याचा अर्थ, दोन्ही सांगायच्या. "माणसाला आयुष्यात पहिली गोष्ट सांगायची, ती अर्धवट कशी सांगू?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्याकडे आलेलं नाव आधी तपासणीला बसायचं. संस्कृत अर्थ त्या स्वतः बघायच्या. मग नाव जायचं शैलेंद्रच्या ऑफिसातल्या जमालकडे. जमाल कंपनीची सरकारी कामं करायचा. मराठी नावाचा अरबीत भलताच काही अर्थ निघत नाही ना, एवढं तो बघायचा आणि "माफी मुश्किला" म्हणायचा, म्हणजे काही अडचण नाही. की नाव पास.

त्यातून तो काळ युनिक नावांचा. आईबापांना असं नाव हवं असायचं, जे कुणाचंच नाही, दोन-तीन अक्षरांत आटपतं आणि बॉसला उच्चारता येतं. नीलेश आणि सुमेधा या जोडप्यानं तर दोघांच्या नावांचे तुकडे जोडून मुलासाठी नवंकोरं नाव घडवायचं ठरवलं. दोन महिने त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी सुमेधामधला 'सु' आणि नीलेशमधला 'नील' घेऊन दोघं धावतपळत सुनेत्राबाईंकडे आले. "काकू, हे जगात कुणाचंच नसेल!"

सुनेत्राबाईंनी त्यांना आधी पाणी दिलं. मग सांगितलं, की बाबांनो, माझ्या माहेरच्या गल्लीत सुनील नावाची अख्खी क्रिकेट टीम निघेल.

अशा कसलेल्या आत्येवर सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात जो प्रसंग आला, त्याला मात्र कुठलीही तपासणी पुरी पडली नाही.

जगदाळ्यांच्या समिधाला मुलगा झाला. सुनेत्राबाई डिंकाचे लाडू घेऊन बघायला गेल्या. बाळ गुटगुटीत होतं, जावळ दाट होतं, पण बाळंतिणीचा चेहरा उतरलेला.

"काकू, नाव ठरलंय," समिधा म्हणाली.

"अरे वा! काय?"

"एबरविन."

"कोण?"

"बाळ," समिधा म्हणाली आणि तिनं लाडवाचा मोठा घास घेतला, म्हणजे पुढचं नवऱ्यानं सांगावं.

नवरा परेश स्वयंपाकघरात शेपू निवडत होता. तो तसाच हातात जुडी घेऊन बाहेर आला. परेश वाईचा. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेला, आणि पाणी म्हणजे ज्याचा पलीकडचा काठ दिसतो ते, अशी त्याची समजूत. अशा माणसाला नोकरी मिळाली ती फुजैराच्या समुद्रात. तिथं बंदराबाहेर मोठमोठी जहाजं तेल भरून घ्यायला रांगेनं उभी असतात. लाँचनं जहाजापर्यंत जायचं, दोराच्या शिडीवरून चढायचं, किती तेल भरलं ते मोजायचं आणि उतरायचं, हे त्याचं काम.

"काकू, जुलैमधली गोष्ट," परेश म्हणाला. "परत येताना लाँचचं इंजिन बंद पडलं. वायरलेसही बंद. लाँच आपली चालली वाहत उघड्या समुद्राकडे. लाँचवाला मजेत बसलेला. मी म्हटलं, आता काय? तो म्हणतो, इन्शाल्ला. मी म्हटलं, इन्शाल्ला काय? तो म्हणतो, इन्शाल्ला कुणीतरी येईल."

"मग?"

"मग काय, मला रडूच फुटलं. देवाचा धावा करावा म्हटलं तर एकही देव आठवेना. आमचा वाईचा ढोल्या गणपती कुठे, मी कुठे! तेवढ्यात समोर हे भलंथोरलं जहाज. मागच्या अंगाला पांढरी अक्षरं, एबरविन. मी हात जोडले आणि म्हणालो, बाबा, वाचव. मुलगा झाला तर तुझंच नाव ठेवीन."

माणसं देवाला नवस बोलतात, पिराला बोलतात; मालवाहू जहाजाला नवस बोलणारा परेश हा बहुधा पहिलाच. आणि जहाज नवसाला पावलं. त्यांनी दोर टाकला, दोघांना वर घेतलं, चहा पाजला, वर बिस्किटं दिली.

"अरे, पण मुलगी झाली असती तर?"

"तेच तर, काकू!" समिधा उसळली. "मी सगळे महिने रोज देवापुढे उभी. मुलगी दे, मुलगी दे! आमच्या अख्ख्या घराण्यात असं मागणं मागणारी मीच पहिली."

हसण्यावारी न्यावं असं मात्र हे प्रकरण उरलं नव्हतं. जुलैपासून परेशनं लाँचवर पाय ठेवला नव्हता. नवस फिटेपर्यंत समुद्रावर जाणार नाही, म्हणजे नाही. कधी कान दुखतो, कधी पोट. कधी समुद्र खवळलाय म्हणायचा, आणि खिडकीतून बघावं तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत. जहाजावर न चढणारा तेल-मोजणी अधिकारी कंपनीला तरी किती दिवस परवडणार? साहेबानं शेवटचं सांगितलं होतं. या शनिवारी लाँचवर दिसला नाहीस, तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ घेऊन वाईची वाट.

बारसं शुक्रवारी ठरलं होतं. शुक्रवारी नवस फिटणार, शनिवारी परेश समुद्रावर जाणार.

"सगळं तुमच्यावर आहे, काकू. माझी बहीण मनाली पुण्यात अडकलीय, आई गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही. तुम्ही कानात सांगितल्याशिवाय नवस फिटायचा नाही."

"सांगीन की. अर्थ काय त्याचा?"

"समुद्राचा राजा," परेश ठासून म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"एवढ्या मोठ्या जहाजाला दुसरं काय नाव देतील? आईला सांगून टाकलंय मी. तिनं वाईत सगळ्या आळीला सांगितलंय."

सुनेत्राबाईंनी बाळाकडे पाहिलं. समुद्राच्या राजानं नुकतंच झबलं ओलं केलं होतं.

घरी येऊन त्यांनी नाव जमालकडे पाठवलं. जमालचा निरोप आला, अरबीत याचा काहीच अर्थ होत नाही. मॅडम, हे नक्की नावच आहे का? मग शैलेंद्र म्हणाला, "अगं, आमच्या टाक्यांचा इंजिनिअर क्लाउस जर्मन आहे. नाव तिकडचंच वाटतंय. त्याला विचार."

सुनेत्राबाई रिकाम्या हातानं कुणाकडे जात नसत. ताटभर ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन त्या नवऱ्यासह क्लाउसच्या घरी गेल्या. क्लाउस उंच, लाजाळू, लालबुंद माणूस. पाच वर्षं फुजैरात राहून त्यानं ऊन सोडून काहीच कमावलं नसावं असा त्याचा चेहरा. पण 'एबरविन' ऐकताच त्याच्यात वारं शिरलं.

"हे नाव तुम्हाला कुठे मिळालं?" तो इंग्रजीत म्हणाला. "हजार वर्षांपूर्वीचं नाव! आमच्याकडे आता कुणीही ठेवत नाही. माझ्या आजोळच्या चर्चमध्ये एका थडग्याच्या दगडावर होतं. लहानपणी मी त्यावर बसून सफरचंद खायचो."

"अर्थ काय त्याचा?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"दोन शब्द आहेत. विन, म्हणजे जुन्या भाषेत मित्र."

सुनेत्राबाईंचा जीव भांड्यात पडला. मित्र! छानच की. "आणि एबर?"

क्लाउसला इंग्रजी शब्द चटकन सापडेना. त्यानं हातातली करंजी बशीत ठेवली. दोन बोटं तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी सुळ्यांसारखी उभी धरली, मान खाली घातली आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून तो असा काही घुरघुरला, की शैलेंद्रनं पाय वर घेतले.

"पिग," क्लाउस समाधानानं म्हणाला. "जंगलातलं. नर. व्हेरी स्ट्राँग."

सुनेत्राबाईंच्या हातातलं ताट कलतं झालं. रानडुकराचा मित्र!

क्लाउस आता थांबायला तयार नव्हता. त्यानं सांगितलं, ती माणसं रानात राहणारी. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात शूर जनावर म्हणजे रानडुक्कर. कोंडीत सापडलं तरी मागे सरत नाही, सरळ अंगावर येतं. लढाईला जाणारे योद्धे शिरस्त्राणावर रानडुकराची मूर्ती बसवायचे. कुणी लांडगा घ्यायचे नावात, कुणी अस्वल, कुणी कावळा. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा आईबाप पुरा अर्थ बघायचेच नाहीत. घराण्यातल्या नावांमधले तुकडे उचलायचे, एक बापाकडचा, एक आईकडचा, आणि जोडून टाकायचे.

"अगं बाई!" सुनेत्राबाई मराठीतच म्हणाल्या. "म्हणजे आपले नीलेश-सुमेधाच!"

"काय म्हणाल्या?" क्लाउसनं शैलेंद्रला विचारलं.

"आमच्याकडेही तसे जर्मन आहेत, म्हणते," शैलेंद्रनं सांगून टाकलं.

निघताना क्लाउसला शुक्रवारचं आमंत्रण देणं भागच होतं. तो आनंदानं हो म्हणाला.

घरी आल्यावर शैलेंद्र तासभर हसत होता. "वराह म्हण ना सरळ. तिसरा अवतार. देवाचंच नाव झालं."

"देवळात वराह, रस्त्यात डुक्कर! शाळेतली पोरं काय विष्णूचे अवतार मोजून चिडवणारेत का?"

"मग समुद्राचा राजा म्हण. परेश खूश, त्याची आई खूश. बाळाला काय कळतंय? ते काय अर्थ तपासायला क्लाउसकडे जाणारे?"

"ममा, इट्स जस्ट अ नेम," ईश्वरी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली.

इतकी पोरं सुनेत्राबाईंच्या तोंडून आपलं नाव शिकली होती. एकाशीही त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मोठेपणी या पोराशी सगळं जग खोटं बोलेल, बॉस बोलेल, बँक बोलेल; निदान पहिलं खोटं तरी आत्येच्या तोंडचं नको. पण खरं बोलावं तर परेशचा धीर खचणार. तो समुद्राच्या राजाच्या भरवशावर शनिवारी पाण्यावर जायला निघाला होता. रानडुकराच्या भरवशावर जाईलच असं नव्हतं.

आणखी एक काळजी होती, ती मैमुनाबींची. सुनेत्राबाईंच्या प्रत्येक बाळाला मांडीवर घेऊन बोटं मोडून दृष्ट काढणारी ही म्हातारी. तिच्या समोर हा अर्थ उच्चारायचा कसा? दोन दिवस त्यांनी मैमुनाबींना टाळलं. तिसऱ्या दिवशी मैमुनाबींनीच त्यांना जिन्यात गाठलं.

"अगो, माज्यावर रुसलंस काय? पोराचा नाव काय ठेवतंस ता पण सांगत नाय."

सुनेत्राबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हाताऱ्या कानात नाव सांगितलं, अर्थासकट. जिन्यातलं ते उलटंच बारसं झालं.

"तौबा, तौबा!" मैमुनाबींनी दोन्ही गाल थोपटले. मग जिन्याची एक पायरी बघून त्या बसल्या आणि विचारात पडल्या. "पण बाय माजे, ह्यो पोरगा त्याचो दोस्त ना?"

"हो. मित्र."

"आमी तो खात नाय. आणि दोस्ताला कोण खातो? म्हंजे ह्यो पण खायचो नाय." मैमुनाबींनी निकाल दिला. "मग पोरगा आमचाच झाला की!"

सुनेत्राबाई इतक्या हसल्या की त्यांनाही पायरीवर बसावं लागलं.

"पण लोकांपुढे कसं सांगू, मैमुनाबी? परेशनं राजाबिजा सांगून ठेवलंय."

"लोकांना कशाला सांगतंस? तू पोराच्या कानात सांगतंस ना? पोराला खरा ता सांग. लोकांचा लोक बघतील." आणि गुडघ्यावर हात टेकून उठताना त्या म्हणाल्या, "माजो घो मना जल्मभर 'अगो' म्हणून हाक मारी. 'अगो'चा अर्थ काय, कोणी इचारलान? पण मी 'ओ' देय."

शुक्रवार आला. फुजैरात लाकडी पाळणा मिळत नाही म्हणून समिधाच्या हॉलमध्ये झुल्याची चौकट फुलांनी सजवून उभी केली होती. घुगऱ्या झाल्या होत्या, सुंठवडा झाला होता, वरवंटा टोपडं घालून तयार होता. क्लाउस कोपऱ्यात टाय लावून बसला होता आणि त्याच्या बशीत प्रत्येक येणारी बाई काहीतरी वाढून जात होती. परेश पांढऱ्या कुर्त्यात दारापासून पाळण्यापर्यंत फेऱ्या मारत होता. उद्याच्या लाँचसाठी लागणारे जाड तळाचे बूट त्यानं दाराशी काढून ठेवले होते आणि अधूनमधून तो त्यांच्याकडे, साप असावेत तसा, बघत होता.

वरवंट्याचा झोका झाला. बाळ पाळण्याखालून, वरून फिरलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. सुनेत्राबाई पुढे झाल्या, पदर नीट केला आणि वाकल्या. दुधाचा, तेलाचा, वेखंडाचा वास येणाऱ्या त्या इवल्याशा कानाशी ओठ नेऊन त्या म्हणाल्या, "एबरविन. म्हणजे रानडुकराचा मित्र. पटलं नाही तर मोठा झाल्यावर माझ्याशी येऊन भांड."

"कुर्रर्र!" बायका ओरडल्या आणि बुक्क्यांचा पाऊस पडला. मैमुनाबींचा हात टॉवेलच्या घडीला दाद न देता थेट मणक्यापर्यंत पोचला.

सुनेत्राबाईंना वाटलं, सुटले. पण पाठ चोळत त्या सरळ होतात न होतात, तोच सुमेधानं विचारलं, "ए, पण याचा अर्थ नक्की काय गं?"

"समुद्राचा राजा!" परेश म्हणाला.

"नो, नो," कोपऱ्यातून आवाज आला. क्लाउसला 'एबरविन'पासून पुढचं सगळं अंदाजानं कळलं होतं, आणि परेश हातांनी लाटा दाखवत होता, त्या त्याला सहन झाल्या नाहीत. तो बशी ठेवून उठला. सुनेत्राबाईंनी मान हलवून त्याला खूप खुणा केल्या. त्या त्यानं प्रोत्साहन म्हणून घेतल्या. दोन बोटं तोंडाशी धरून, मान खाली घालून, सगळ्या मराठी मंडळापुढे तो घुरघुरला. त्या दिवसापेक्षाही झकास. वर म्हणाला, "फ्रेंड!" आणि पाळण्याकडे बोट दाखवलं.

सुंठवड्याची वाटी कुणाच्या तरी हातातून पडली.

"नाव युनिक आहे मात्र," नीलेश म्हणाला.

परेश पांढराफटक पडला. "काकू? हे खरं?"

"खरं आहे, परेश. रानडुकराचा मित्र."

"तुम्ही हेच सांगितलंत? कानात?"

"हेच सांगितलं."

परेश मटकन दाराजवळच्या खुर्चीत बसला. "म्हणजे मी डुकराला नवस बोललो! आता कसला फिटतोय नवस! उद्या कुणाच्या भरवशावर जाऊ मी?" पायानंच त्यानं दाराशी ठेवलेले बूट लांब सरकवले. समिधाचे डोळे भरून आले. खोलीतलं प्रत्येक माणूस सुनेत्राबाईंकडे बघायला लागलं आणि मग, ते बरं दिसत नाही म्हणून, घुगऱ्यांकडे.

तेवढ्यात फोन वाजला. वाईहून सगुणाबाई, परेशची आई. समिधाच्या हातात बाळ होतं, म्हणून तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

"झालं का रं बारसं?" सगळी खोली सगुणाबाईंच्या आवाजानं भरली. "माझा समुद्राचा राजा काय म्हनतोय?"

परेशनं तोंड फिरवलं. "काकू, आत्या तुम्ही. आता तुम्हीच सांगा."

सुनेत्राबाई फोनपाशी गेल्या. पाठ ठणकत होती. "सगुणाबाई, नमस्कार. मी सुनेत्रा. बाळाच्या कानात नाव मी सांगितलं. पण त्याचा अर्थ समुद्राचा राजा नाही हो. चौकशी केली मी. अर्थ आहे... रानडुकराचा मित्र."

फोनमध्ये नुसती खरखर. परदेशी कॉलची ती महागडी शांतता सगळ्यांनी कान देऊन ऐकली.

"कशाचा?" सगुणाबाई म्हणाल्या.

"रानडुकराचा."

"डुकराचा?"

"हो."

मग सगुणाबाईंनी हुश्श केलं. "सुटले बाई! राजा म्हनल्यापासनं माझ्या डोळ्याला डोळा नव्हता."

"म्हणजे?"

"अवं, राजा म्हनलं की नजर लागायची! आळीत सांगितलं तर खरं, पन रात्रंदिस मीठ-मोहऱ्या ओवाळत बसले हितनं. ह्याच्या आज्याचं नाव काय हुतं, परेशला इचारा. दगडू! त्यांच्या आधीची भावंडं जगली न्हाईत. म्हनून सासूबाईंनी नावच ठेवलं दगड. दगडाकडं कोन बघतंय? धडधाकट म्हातारं हून गेले ते. आन् ह्यो तर डुकराचा दोस्त! ह्याला नजर लावाय कोन येतंय तेच बघते. परेश हाय का तितं?"

"आहे, आई," परेश फोनपाशी येत म्हणाला. त्याचा आवाज शेपूच्या काडीएवढा.

"काय झालं रं?"

"आई, नवस चुकीचा झाला. मला वाटलं होतं..."

"नवस कदी चुकीचा आसतोय व्हय? बोललास, पावला, फेडलास. झालं! आन् हे बघ, रानडुक्कर म्या बघितलंय. आपल्या उसात घुसलं हुतं. सारा गाव काठ्या घिऊन उभा, पन ते काय मागं हटलं न्हाई. तुझा बा झाडावर चढला हुता." मग त्यांनी विचारलं, "उद्या कामावर जानार हायेस न्हवं?"

परेशनं समिधाकडे पाहिलं, मग पाळण्याच्या चौकटीकडे, मग क्लाउसकडे. क्लाउसला काही कळत नव्हतं, पण त्यानं मूठ वळून दंड फुगवून दाखवला. व्हेरी स्ट्राँग.

"जातो, आई."

"जा. आन् त्या बाईंना दे फोन. अवं आत्याबाई, एक इचारू? ते नाव काय माझ्या तोंडात बसायचं न्हाई. म्या हाक काय मारू त्याला?"

सुनेत्राबाईंनी समिधाकडे पाहिलं. समिधा इतक्या महिन्यांत प्रथमच खुदकन हसली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला सुचेल ते मारा. आज तुमचंही ऐकू दे त्याला." आणि तिनं बाळाला फोनच्या स्पीकरजवळ धरलं.

"ए डुकऱ्या!" वाईहून हाक आली. "ए माझ्या डुकऱ्या! कुर्रर्र!"

ते 'कुर्रर्र' ऐकून मैमुनाबींचा हात सवयीनं वर गेला. सुनेत्राबाई मात्र या वेळी चपळाईनं बाजूला झाल्या, आणि तो बुक्का पाठीत बसला तो परेशच्या. परेश चार पावलं पुढे, थेट दाराशी जाऊन थांबला. तिथं त्यानं वाकून बूट उचलले, फडक्यानं पुसले आणि दुसऱ्या दिवशीसाठी जोडीनं लावून ठेवले.